म्हातारी रुसली होती तेव्हा

संपादकांनी फोनवर बजावलं, "बाई, अनुभव लिहा, पण फार रडवू नका. लोक चकलीचं ताट घेऊन अंक वाचायला बसतात." मी म्हटलं, हरकत नाही, चकलीत मीठ जरा कमी टाकायला सांगा, उरलेलं मी बघते.

मी पिंपरीत कॅन्सरच्या दवाखान्यात नोकरी केली. डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. माझा हुद्दा होता 'समाजसेवा अधीक्षक'. हुद्दा इतका भारदस्त की माझ्या सासरी बरीच वर्षं समज होता, मी कुठलंसं वसतिगृह सांभाळते. दवाखान्यात मला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. माझा आवाज दांडगा. मी तिसऱ्या मजल्यावर हसले की तळमजल्यावरचा एक्स-रे हललेला यायचा, असं तिथला टेक्निशियन शपथेवर सांगे. आणि मी थापा मारते. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको.

काम काय होतं? डॉक्टर गाठ बघतात. नर्स शीर शोधते. गाठवाला माणूस जिना उतरून घरी गेला की तिथे काय होतं, ते मी बघायचं. घरी काय होतं, तर त्याचं ताट वेगळं होतं. पेला वेगळा होतो. नातवाला त्याच्या मांडीवर देत नाहीत, कारण शेजारच्या काकूंनी सांगितलेलं असतं की हा रोग शिवल्याने होतो. होत नाही हो! पेशंटांच्या डब्यातली भाजी मी आयुष्यभर खाल्लीय. शिवून होत असता तर जगातले सगळे कॅन्सर मला एकटीला झाले असते, आणि तुम्ही आज दुसऱ्याच कुणाचा तरी लेख वाचत बसला असता. बायको नवऱ्याशेजारी निजायला घाबरते आणि विचारायला लाजते. कंपनीत कुणाला सांगायचं आणि किती सांगायचं, पोरं कुणाकडे ठेवायची, केस गेल्यावर लग्नाला जायचं की नाही, हे सगळं माझ्या टेबलावर यायचं. माझ्याकडे औषध एकच, बोलणं. ऐकणंही होतं, पण त्याचा साठा माझ्याकडे पहिल्यापासून कमीच.

गिऱ्हाइकं एकेक अशी की सांगता सोय नाही. राजगुरुनगरकडचे एक आजोबा होते. त्यांचे मुलगे, सुना, जावई एकेक करून माझ्या खोलीत आले आणि प्रत्येकाने मला शपथ घातली, "बाई, दादांना कळू देऊ नका, ते खचतील." शेवटी दादा स्वतः आले. दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "बाई, मला ठावं हाय काय झालंय ते. पर पोरांना सांगू नगा. ती खचत्याल." मी त्यांचीही शपथ घेतली. त्या आठवड्यात माझ्या डोक्यावर इतक्या शपथा होत्या की मान अवघडली.

चिंचवडच्या एका वहिनींचे केस केमोने गेले. विग घ्यायला मला बरोबर घेऊन गेल्या आणि तीन विग घेऊन आल्या. एक रोजचा, एक लग्नकार्याचा, आणि एक कुरळा, सासूबाई राहायला येतील तेव्हाचा. "कुरळा का हो?" मी विचारलं. "त्यांना कुरळे केस बघवत नाहीत," वहिनी म्हणाल्या. ज्या बाईच्या अंगात एवढा खोडसाळपणा शिल्लक आहे, तिची काळजी मी करत नाही.

काळजी वाटायची ती गप्प माणसांची. आणि दत्ताएवढा गप्प माणूस माझ्या टेबलावर दुसरा आला नाही.

दत्ता लातूरकडचा. निघोज्यात एका खोलीत भाड्याने राहायचा, बायको शोभाबरोबर. कामाला तळवड्यातल्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. ज्यांनी पॉवर प्रेस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन माणसांच्या उंचीचं लोखंडी धूड असतं. खाली साचा, वर घण. साच्यावर पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, घण धाडकन खाली येतो आणि पत्र्याची पट्टी, वाटी, जे काय हवं ते तयार. दिवसभर हेच. रात्रपाळीला डोळा लागला तर बोटं जातात, म्हणून माणसं गालात तंबाखू धरतात. दत्तानेही धरली. बोटं वाचली, गाल गेला. तंबाखूवरून मी त्याला एक अक्षर बोलले नाही. माणूस आजार घेऊन आलेला असतो, त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात कशाला उभं करायचं?

ऑपरेशनमध्ये उजवा जबडा काढला आणि तिथे छातीचं मांस लावलं. मग त्याचे शब्द ओले झाले, कडा झिजलेल्या नाण्यासारखे. लाळ गळायची, म्हणून हातातला रुमाल कायम ओठाशी. वरून मफलर, भर उन्हातही. काही सांगायचं असलं की तो शोभाकडे बघून पुटपुटायचा आणि शोभा आम्हाला सांगायची. "हे म्हणायलेत," अशी तिची सुरुवात.

त्याला भेटायला कारखान्यातले दोघे नेमाने यायचे. एक रफिकभाई, मेंटेनन्सचे फिटर, तळवड्याच्या जुन्या घरातले, मेंदी लावलेली लालभडक दाढी. दुसरा बाळू, मूळ निघोज्याचाच, दत्ताच्या शेजारच्या प्रेसवर. दोघे एरवी इतके बडबडे की चहाच्या टपरीवर त्यांचा आवाज ऐकून रिक्षावाले भांडण बघायला थांबत. पण वॉर्डात दत्तासमोर आले की तोंडाला कुलूप. बाळू सलाईनच्या स्टँडची चाकं तपासायचा. रफिकभाई खाटेखाली वाकून बोल्ट हलवून बघायचे, खिशातून पाना काढून आवळायचे. एकदा तर त्यांनी शेजारच्या पेशंटच्या चाकाच्या खुर्चीला तेल घातलं. त्या वॉर्डातल्या खाटा नंतर वर्षभर कुरकुरल्या नाहीत. मी सिस्टरला म्हणायचे, "बघ, भावना आली की ही माणसं पाना शोधतात." सिस्टर हसायची. मीही हसायचे.

मग रेडिएशन सुरू झालं. आठवड्यातले पाच दिवस, दीडेक महिना. ते पुरं होणं जरुरीचं होतं. डॉक्टरांनी दत्ताला माझ्यासमोर सांगितलं होतं, "अर्ध्यात सोडलंस तर दुखणं परत वर येईल, आणि मग माझ्या हातात फार काही राहणार नाही."

तोंडाच्या रेडिएशनला मुखवटा करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणायची. थंड झाली की नाक, कपाळ, हनुवटी, सगळ्याचा साचा तयार. मग रोज तो मुखवटा चेहऱ्यावर चढवून कडेचे खटके टेबलाला लावायचे, म्हणजे डोकं तसूभर हलत नाही आणि किरण नेमके जागेवर पडतात. पहिल्याच दिवशी खटके लागले आणि दत्ता आतून हातपाय झाडायला लागला. सोडवला तसा बाहेर पळाला.

मी त्याला चित्रं दाखवली, प्लास्टिकची कवटी दाखवली, माझ्या चुलत सासऱ्यांनी मुखवट्यात घोरत झोप काढली अशी तिथल्या तिथे रचलेली हकिगत सांगितली. दत्ता मान हलवत राहिला. शेवटी पुटपुटला. शोभा म्हणाली, "हे म्हणायलेत, खाली साचा, वर साचा. आन् वरून घण आला तर?"

मी कवटी खाली ठेवली. रफिकभाई भिंतीला टेकून उभे होते. मुखवट्याचे खटके निरखत म्हणाले, "दत्ता, साच्यात पत्र्याचा जॉब ढिला ठेवून दणका मारला तर काय होतं रे?"

दत्ता रुमालाआडून म्हणाला, "रिजेक."

"मग? टाईट बांधतात ते बरोबर आहे की नाही?"

दत्ता उठला आणि आत गेला. मी तासभर घसा फोडला होता, आणि यांचं दोन वाक्यांत काम झालं. मला राग आला, लपवत नाही. पण मी हे पाहून ठेवलं की ही माणसं एकमेकांशी सरळ बोलत नाहीत, मशीनच्या आडून बोलतात. मला तो मोठा शोध वाटला. मी मीटिंगमध्येही सांगितला, हातवारे करून, जरा वाढवून.

काही आठवडे बरे गेले. मग तोंड आतून सोलवटलं. थुंकी गिळता येईना, नाकातल्या नळीने दूध. हे असं होतं आणि पुढे निवळतं, पण ज्याचं त्याला त्या दिवसात हे खरं वाटत नाही. एका सोमवारी दत्ता आला नाही. मंगळवारीही नाही. शोभाचा फोन बंद.

मी रिक्षा करून निघोज्याला गेले. तिकडची वाहतूक ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्या रस्त्यावर अडकलेल्या एका बसमध्ये जन्मलेलं पोर उतरलं तेव्हा त्याला मिसरूड फुटली होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

खोलीत पिशव्या बांधलेल्या. भांड्यांचं बोचकं दाराशी. दत्ता भिंतीकडे तोंड करून आडवा.

"गावाकडं चला म्हणायलेत," शोभा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "मी लई समजावून सांगितलं, बाई. आयकतच नाहीत. हितं कोण हाय आपलं, म्हणायलेत. कोण वाट बघायलंय, म्हणायलेत."

मी बोलायला सुरुवात केली. माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं बोलले. समजावलं, रागावले, डॉक्टरांचं नाव घेतलं, देवाचं घेतलं. दत्ताच्या पाठीवर माझे शब्द पत्र्यावरच्या पाण्यासारखे ओघळून गेले.

पहिली पाळी सुटल्यावर बाळू आणि रफिकभाई आले. बांधाबांध बघून दारातच थबकले. बाळू वर बघून म्हणाला, "पंखा आवाज करतोय." रफिकभाईंनी लगेच स्टूल ओढलं आणि वर चढले. मी कपाळाला हात लावला. इकडे माणूस चाललाय आणि ह्यांना पंखा सुचतोय!

आणि तेव्हा बाळू एकदम म्हणाला, "दत्ता, म्हातारी रुसलीय."

म्हातारी म्हणजे दत्ताचा प्रेस. कारखान्यातलं सगळ्यात जुनं मशीन, म्हणून ते नाव. बरीच वर्षं ते एकट्या दत्ताच्या हाताखाली चाललं होतं.

दत्ताची पाठ हलली. "खाय झालं?" तो भिंतीला विचारल्यासारखा म्हणाला.

"नवा ऑपरेटर बसवला तिच्यावर. पेडल दाबलं की उचकी देती. पत्रा आत घेती, पर सोडत न्हाई. शेट सोता येऊन उभा ऱ्हायला, तर त्याच्या पांढऱ्या शर्टावर त्याल उडावलं."

स्टुलावरून रफिकभाई म्हणाले, "क्लच खोलला, ब्रेक बघितला. सगळं ठीक आहे. बिघाड नाही, नखरा आहे. तुझीच सवय आहे तिला, दुसरं काय?"

दत्ता कुशीवर वळला. मफलरच्या वर दोन डोळे दिसले. त्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं, एवढं मी खात्रीने सांगते, आणि यात मीठमिरची नाही.

मला राहवलं नाही. मी त्या म्हातारीला जन्मात पाहिलं नव्हतं, पण म्हटलं, "अरे, मी पण ऐकलंय. म्हणे जर्मनीहून इंजिनियर आला होता. त्याने हात लावला तर तिने त्याचं घड्याळ बंद पाडलं."

दत्ता हसला. अर्ध्या तोंडाने, रुमाल दाबून, दुखत होतं म्हणून डोळे मिटून, पण हसला. बुधवारी तो रेडिएशनला हजर होता.

तिथून पुढे म्हातारीच्या बातम्या रोज यायला लागल्या. बाळू रिक्षात सांगायचा, रफिकभाई जिन्यात, आणि दत्ता मुखवट्यासाठी नंबराची वाट बघत बसला की बाकावर मी. म्हातारीने तीन ऑपरेटर पळवले. म्हातारीने दुपारच्या सुट्टीत आपोआप दोन दणके मारले, कुणीतरी दत्ताचं नाव काढलं म्हणून. शेटने तिच्यापुढे लिंबू कापलं तर तिने लिंबाची चकती पाडून दिली, मापात. दत्ता काही खुळा नव्हता. त्यातलं खरं किती आणि आमचं किती, ते त्याला कळत असणारच. पण मुळातली गोष्ट, की म्हातारी त्याच्यावाचून अडलीय, ती त्याने उराशी धरली होती. बाकावरचे इतर पेशंटही कान देऊन ऐकायचे. मला तर चेव चढला होता. दवाखान्याच्या नोकरीत माझ्या थापांना पहिल्यांदाच सरकारी काम मिळालं होतं.

रेडिएशनचे शेवटचे दोन आठवडे राहिले असताना रफिकभाईंनी मला टपरीवर बोलावलं. बाळू बशीत चहा ओतून नुसता बघत बसला होता.

"बाई, म्हातारी गेली," रफिकभाई म्हणाले.

"गेली म्हणजे?"

"नवीन प्रेस आला. ऑटोमॅटिक. पत्रा स्वतः घेतो, स्वतः सोडतो. म्हातारी काल ट्रकवर चढवली. कुदळवाडीला, भंगारात."

"मीच साखळी बांधली तिला," बाळू म्हणाला. "दुसरं कोण बांधणार?"

आम्ही तिघं बसलो. सांगावं की नाही? रफिकभाईंना सांगून टाकावंसं वाटत होतं. बाळू म्हणाला, "आत्ता न्हाई. आत्ता सांगितलं तर उद्या तो लातूरच्या गाडीत बसंल." मी म्हटलं, इलाज पुरा होऊ दे. एवढंच ठरलं. पुढचं कुणीच बोललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी बाकावर बसून दत्ताला म्हातारीची नवी बातमी दिली. ती आता जागेवर नव्हती, तर बातमी आणखीच चांगली जमली.

इलाज पुरा झाला. शेवटच्या दिवशी मुखवटा पेशंटला देऊन टाकतात. दत्ता तो काखेत धरून माझ्या खोलीत आला आणि मफलर सोडून खुर्चीवर बसला. जखमेची कातडी काळी पडली होती, पण चेहरा, ओठाशी धरलेल्या रुमालाएवढा भाग सोडला तर, उघडा होता. त्याने स्वतः बोलायचा प्रयत्न केला. मला अर्धं कळलं, उरलेलं शोभाने सांगितलं.

"खंडेनवमी आलीय ना. हे म्हणायलेत, म्हातारीची पूजा ह्या बारीला पण मीच करणार."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसाची पूजा. आमच्या या भागात त्या दिवशी घण, पाना, लेथ, प्रेस, सगळं धुऊनपुसून त्याला झेंडूचा हार घालतात. आणि ज्याचं मशीन त्यानेच पूजा करायची, हा रिवाज. दुसऱ्याने हार घातला तर मशीन दुसऱ्याचं झालं. दत्ता आजारी असताना त्याला या एकाच दिवसाची ओढ होती, हे मला त्या क्षणी कळलं. त्याने नवा सदरासुद्धा शिवायला टाकला होता.

रफिकभाईंनी दोन दिवस कुदळवाडीचे भंगाराचे गाळे पालथे घातले. म्हातारी सापडली. मोटर काढून नेली होती, पट्टा नव्हता, पण धड शाबूत होतं. ज्यांच्या गाळ्यात ती होती त्या चाचांनी गॅस कटर लावायचं थांबवलं. म्हणाले, "पूजा आहे ना? होऊन जाऊ दे. लोखंड कुठे पळून जातंय!"

खंडेनवमीला सकाळी टेम्पोने निघालो. पुढे दत्ता, मांडीवर ताट, ताटात हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार. मागे आम्ही चौघं, शोभा, बाळू, रफिकभाई आणि मी. कारखान्याकडे वळायचा तळवड्याचा फाटा आला. टेम्पो वळला नाही, सरळ गेला. दत्ताने मागे वळून बाळूकडे बघितलं. बाळूने बाहेर बघितलं. मग रफिकभाईंकडे, मग माझ्याकडे. माझ्यासारखी बाई, पण मी पदराचा काठ नीट करत बसले.

गाळ्यात पत्र्यांचे, स्प्रिंगांचे, गंजक्या नळ्यांचे डोंगर. मधोमध म्हातारी. चाचांनी तिला डिझेलने पुसून ठेवलं होतं, समोर खुर्ची मांडली होती. मोटरच्या जागी नुसतं भोक.

दत्ता खुर्चीवर बसला नाही. तिच्याभोवती एक फेरी मारली. पेडलवर पाय ठेवला. पेडल नुसतंच खाली गेलं. मग त्याने ओठावरचा रुमाल काढला. तो रुमाल त्याने कुणासमोर कधी खाली घेतला नव्हता. त्याने म्हातारीच्या कपाळावरचा एक डिझेलचा ओघळ पुसला. लाळ सदऱ्यावर पडत होती, नव्या सदऱ्यावर, त्याचं भान नव्हतं त्याला. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ तिच्या पायाशी फोडला.

मग आमच्याकडे वळून काहीतरी म्हणाला.

आम्हाला वाटलं, कळलं नाही असं दाखवता येईल. पण शोभा तिच्या सवयीने म्हणाली, "हे विचारायलेत, म्हातारी तर हितं हाय. मग तिथं माझी वाट कोण बघायलं होतं?"

बघा, प्रश्न दोनदा विचारला गेला. एकदा ओल्या शब्दांत, एकदा कोरड्या. आणि उत्तर त्याच्यासमोर उभं होतं. सणाचा दिवस टाकून आलेले, कुदळवाडी पालथी घातलेले, रोज त्याला रिक्षात घालून आणणारे. उत्तर एका शब्दाचं होतं. 'आम्ही.'

बाळू खाली बसला आणि म्हातारीच्या पायाचा बोल्ट हलवून बघायला लागला. रफिकभाईंचा हात खिशातल्या पान्याकडे गेला. आणि मी, जिने आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतला, मी म्हटलं, "अरे दत्ता, तुला काय सांगू, ते नवीन ऑटोमॅटिक तर हिला बघूनच घाबरलं होतं!"

दत्ता माझ्याकडे बघून हसला. पाहुण्याच्या विनोदाला हसावं तसं. मग त्याने खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांच्या हातावर ठेवले, चाचांच्याही. एक तुकडा स्वतःच्या हातात धरला. त्याला तो चावता येणार नव्हता.

दिवाळीच्या आत ती दोघं लातूरकडे निघून गेली. शेटने दुसरं हलकं काम द्यायची तयारी दाखवली होती, मी निरोपही दिला. दत्ताने 'बरं' म्हटलं. तपासणीला तो काही वेळा आला, हसला, माझी एखादी थाप ऐकली आणि गेला. मग यायचा थांबला. मी फोन केला की शोभा उचलायची, मी फोन त्याच्या कानाला लावायला सांगायचे आणि काहीतरी चमत्कारिक सांगून त्याला हसवायचे. प्रत्येक वेळी ठरवायचे, आज सरळ बोलायचं. प्रत्येक वेळी म्हातारीची एखादी गोष्ट मध्ये यायची. म्हातारी वितळली, तिची कढई झाली, त्या कढईत भजी करपत नाहीत. वगैरे. दुखणं परत आलं, मानेत. मग एक दिवस शोभाने फोन उचलला आणि कानाला लावायला कुणी नव्हतं.

मी निवृत्त झाल्यावर शोभा माझ्या घरी आली. पिशवीतून जुनी साडी काढली, घडी उलगडली. आत दत्ताचा मुखवटा. पांढरी जाळी, पण नाक त्याचं, कपाळ त्याचं, आणि उजवीकडे जबडा नसल्याचा तो खोलगटपणाही त्याचाच.

"भिंतीला अडकवला होता यांनी," ती म्हणाली. "टाकवत नाही, बाई. ठेववत बी नाही. चेहरा हाय त्यांचा. काय करू?"

मी बाळूला आणि रफिकभाईंना फोन केला. दोघे तासाभरात आले. रफिकभाईंनी दाढीला मेंदी लावणं सोडलंय. आल्या आल्या बाळूने माझ्या दाराची कडी हलवून बघितली, सैल आहे का म्हणून. मी म्हटलं, "बाळू, कडी ठीक आहे. इकडे ये."

शोभाने मुखवटा त्याच्या हातात दिला. त्याने दोन्ही हातांनी धरला, साच्यातून गरम जॉब काढतात तसा, कडेला धरून. कुणी पंख्याबद्दल बोललं नाही.

"कारखान्यात डबा अडकवायची खुंटी असती ना, बाई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दत्ताची खुंटी अजून रिकामी हाय. कुणी डबा लावत न्हाई. आमी लावू देत न्हाई."

रफिकभाई म्हणाले, "त्याला सांग."

बाळूने मुखवट्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला.

"दत्ता," तो म्हणाला, "आमी वाट बघत व्हतो, भावा."

शोभा खाली बसून साडीची घडी घालत होती. तिचे हात थांबले. तिने मान वर केली नाही.

"आता बोलायलात व्हय," ती म्हणाली, आणि परत घडी घालायला लागली.